मक्तबपासून शाळेपर्यंत: बाहेरगावच्या पोरांसाठी शाळा वाढवायची तर

रमजान संपला की दरवर्षी कुठून ना कुठून फोन येतो, कधी सय्यदनगर, कधी चिखली-कुदळवाडी, कधी उंड्रीच्या पुढची एखादी नवी वस्ती. म्हणणं साधारण तेच, मशिदीच्या वर मक्तब (पोरांना कुराण-दीन शिकवायचा वर्ग) चालतंय, पोरं मावत नाहीयेत, चंदा बऱ्यापैकी जमलाय, आता रीतसर शाळा काढू म्हणतोय, तर काय काय लागतं ते सांगा आपा. मी पुण्यात कोंढव्यातल्या अशाच एका मक्तबची झालेली शाळा बघते, म्हणजे ऑफिस, ॲडमिशन, रजिस्टरं, साहेब लोकांचे फोन, सगळं. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिलं सांगायचं ते हे की प्लॉट बघायला जाऊ नका. चंदा जमला की लोक आधी गुंठेवारीतला प्लॉट घेतात, मग स्लॅब टाकतात, मग कोणीतरी सांगतं की इथे शाळेला फायर एनओसी मिळणार नाही, आणि तीन मजली बिल्डिंगमध्ये परत संध्याकाळचं मक्तबच चालतं. आपल्याकडची पोरं कोणाची आहेत ते बघा. अररिया, किशनगंज, सिद्धार्थनगर, गुलबर्गा, नांदेड, लातूर. बाप सेंटरिंगवर, बेकरीत, भंगारात नाहीतर शिलाईच्या कारखान्यात. घर अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर, बरेचदा ॲग्रीमेंट पण नाही. साईट संपली की बिऱ्हाड वाघोलीला, नाहीतर थेट गावी. अशी पोरं वर्षाच्या मधेच जातात आणि मधेच येतात. जी शाळा त्यांना धरून ठेवू शकते ती वाढते, जिला ते जमत नाही तिच्या पटावर जूनमध्ये शंभर आणि जानेवारीत चाळीस.

म्हणून आधी एक महिना नुसती वही घेऊन बसा. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर पोरं येतात तेव्हा आईबापांना विचारा, गाव कोणतं, इथे कधीपासून, गावी कधी जाता, पोरगं आधी कोणत्या शाळेत कितवीत होतं, आत्ता दिवसा कुठे जातं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण निम्म्या वेळा उत्तर "कुठेच नाही" असं येतं, आणि पोरगं टोपी घालून सकाळ-संध्याकाळ 'कायदा', म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, वाचायला येतंय म्हणून आपल्याला वाटत असतं की शिकतंय.

इथे कायद्याचं नीट समजून घ्या. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, मदरशांना आणि वेदपाठशाळांना लागू नाही, २०१२ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे मक्तब चालवायला शाळेची मान्यता लागत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की नुसत्या मक्तबला जाणारं पोरगं सरकारच्या हिशोबात शाळेत जात नाही. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारने सांगूनच टाकलं होतं की जिथे गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवत नाहीत तिथली मुलं शाळाबाह्य धरली जातील. तेव्हा बराच गदारोळ झाला, पण पोराच्या बाजूने बघा ना, दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी त्याच्या हातात काय असणार?

आणि उलटं पण करू नका, म्हणजे मान्यता नसताना "इंग्लिश मीडियम इस्लामिक स्कूल" असा बोर्ड लावून पहिलीचा वर्ग सुरू. आरटीईच्या कलम १८ मध्ये विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि नोटीस देऊनही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारापर्यंत. अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, पेपरात येतात, आणि ते वाचून पळापळ आईबापांची होते.

मग पहिली एक-दोन वर्षं करायचं काय? मक्तब मक्तबच ठेवा आणि पोरं जवळच्या महापालिकेच्या शाळेत घाला. उर्दू माध्यम असेल तर उर्दू, नसेल तर मराठी. पालिकेची शाळा सकाळची असेल तर तुमचा वर्ग दुपारी, दुपारची असेल तर फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर. त्यातला अर्धा वेळ नाजरा (कुराण बघून वाचणं) आणि दीनियात (धर्माचं शिक्षण), अर्धा वेळ शाळेचा अभ्यास. कुराण शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांना हे सुरुवातीला आवडत नाही, त्यांना वाटतं सबक, म्हणजे कुराणाचा रोजचा धडा, मागे पडतो. पण शाळेत मार खाऊन, म्हणजे काहीच न समजून घरी आलेलं पोरगं सबकमध्येही लक्ष देत नाही, हे त्यांना दोन महिन्यांत स्वतःलाच दिसतं. या काळात तुमची वही, हजेरी, शिक्षक आणि मोहल्ल्यातलं नाव तयार होतं, आणि दंडही होत नाही.

आता ॲडमिशनचं टेबल. खरं काम इथे आहे.

समोर बाप उभा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली आधारची कलर झेरॉक्स. जन्मतारीख १ जानेवारी. त्याच्या मागे उभ्या असलेल्या भावाची पण १ जानेवारी, बहिणीची पण, फक्त साल वेगळं, आणि सालं बघितली तर मधल्या पोरात आणि धाकट्यात फरक निघतो वर्षाचा, समोर मात्र एक खांद्याला लागतंय आणि दुसरं कमरेला. घाई करून आधारवरची तारीख रजिस्टरला उतरवू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आरटीईचं कलम १४ तेच सांगतं, म्हणजे प्रवेश आज द्या आणि तारखेसाठी गावाकडचा जन्मदाखला, अंगणवाडीची नोंद, दवाखान्याचा कागद, लसीकरणाचं कार्ड, जे असेल ते मागवून घ्या. एकदा जनरल रजिस्टरला चढलेली आणि दाखल्यावर गेलेली तारीख नंतर बदलायला पोराचे जोडे झिजतात. आणि २०२५ पासून आपल्याकडे उशिराने केलेल्या जन्मनोंदींची तपासणी फार कडक झालीय, तेव्हा "कोणाकडून तरी करून घेतो" म्हणणाऱ्या बापाला तिथेच थांबवा, त्या एजंटच्या नादात सगळं घर अडकेल.

टीसी नाही म्हणूनही थांबवता येत नाही, कलम ५ बघा, टीसीला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. पण टीसीच्या मागे लागायचं सोडू नका कारण आता सगळं यूडायस या सरकारी पोर्टलवर आहे. पोराचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, जुन्या शाळेत अडकलेला असतो, त्या शाळेने त्याला ड्रॉप बॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं तरच आपल्याकडे ओढता येतं. यासाठी चिठ्ठीपेक्षा फोन बरा. बापाकडे गावच्या मास्तरचा नंबर नसतो पण चाचाकडे असतो, चाचाला लावा, मास्तरशी हिंदीत दोन शब्द अदबीने बोला, बऱ्याचदा आठवड्यात होऊन जातं.

वर्ग ठरवताना वयाप्रमाणे बसवायचं. अकरा वर्षांचं पोरगं अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवलं तर ते चौथ्या दिवशी बेकरीत दिसेल. कलम ४ मध्ये वयानुरूप प्रवेश आणि सोबत विशेष प्रशिक्षण अशी सोय आहे, म्हणजे नाव पाचवीत आणि रोज दोन तास वेगळा वर्ग. त्या वेगळ्या वर्गाला तुमची सगळ्यात चांगली शिक्षिका द्या. सगळीकडे नेमकं उलटं होतं, नवी पोरगी जॉईन झाली की तिच्या गळ्यात हा वर्ग मारतात.

आणि कुटुंब चाललंय असं कळलं की हातात कागद देऊन पाठवा. आपल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ऊसतोड कामगारांच्या पोरांमुळे ते माहीत झालं, पण ते आपल्या पोरांनाही चालतं. जवळच्या पालिकेच्या मुख्याध्यापकांकडे त्याचा नमुना मिळेल. सोबत साध्या कागदावर लिहून द्या की पोरगं काय वाचतं, गणित कुठपर्यंत आलंय, कुराणात कोणता पारा (भाग) चालू आहे. शेवटची ओळ नव्या गावच्या मौलानांसाठी.

बोनाफाईडबद्दल एकच सांगते. त्यावर फक्त तेच लिहा जे तुमच्या रजिस्टरला आहे. "पुण्याचा कायमचा रहिवासी" वगैरे लिहून मागतात, रडून मागतात, नाही लिहायचं. बंगाली बोलणाऱ्या कुटुंबांची बांगलादेशी असल्याच्या संशयावरून चौकशी सध्या वारंवार होते, पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादची माणसं पण त्यात भरडली जातात, अशा वेळी शाळेचा खरा कागद त्यांच्या कामी येतो. एक खोटा निघाला की तुमचे सगळेच कागद खोटे ठरतात.

परदेशातून आलेली पोरं. पुण्यात येमेनी, सुदानी, अफगाण, इराणी मंडळी आहेत, बहुतेक कॉलेजच्या निमित्ताने आलेली, काही बायकापोरांसकट. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हातात गेलं तेव्हा इथे शिकणारे कितीतरी अफगाण विद्यार्थी परत जायचे राहिले. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे कोणाकडे स्टुडंट व्हिसा, कोणाकडे संपलेला व्हिसा, कोणाकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, म्हणजे युएनएचसीआरचं कार्ड, असं असतं. घटनेतला शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, त्यात "नागरिक" शब्द नाही. रोहिंग्या मुलांच्या बाबतीत २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांनी सरकारी शाळेत प्रवेश मागावा, नाकारला तर हायकोर्टात जावं. पण परदेशी मूल पटावर घेतलं की परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर शाळेने माहिती भरावी लागते, ते चुकवू नका. आईबापांना आधीच सांगा की आम्ही ही माहिती देणार आहोत. लपवून प्रवेश दिला तर आज मदत केल्यासारखं वाटतं आणि उद्या तेच कुटुंब गोत्यात येतं.

वर्गात ही पोरं सुरुवातीला मुकी बसतात. आमच्याकडे येमेनच्या साना शहरातून आलेली एक मुलगी महिनाभर "प्रेझेंट" सोडून काही बोलली नाही. तिला रोज पहिल्या तासाला नाजऱ्याच्या वर्गात बसवायला लागलो. तिथे तिला सगळं येत होतं, उलट इतर पोरींचा "ऐन" आणि "हा" या अरबी अक्षरांचा उच्चार तीच बोट वर करून दुरुस्त करायची, आणि एकदा तिथे आवाज फुटल्यावर मग गणिताच्या तासालाही फुटला. इस्लामिक शाळेकडे ही एक गोष्ट आहे जी दुसऱ्या शाळेकडे नसते, ती वापरा. अजून एक, दिवाळीत फटाके आणि विसर्जनाला ढोल-डीजे कधी वाजणार ते या घरांना आधी सांगून ठेवा. बॉम्बच्या आवाजातून आलेलं पोरगं लक्ष्मीबॉम्बला पलंगाखाली घुसतं आणि आईला कळत नाही शेजारी ओरडतायत कशाला.

होस्टेल काढू नका. निदान पहिली पाच-सात वर्षं तरी नाही. मला माहितीये की हे लोकांना पटत नाही, कारण होस्टेलच्या नावावर चंदा जास्त मिळतो. पण २०२३ च्या मे महिन्यात दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली होती ते आठवा. मदरशात शिकायला चालली होती, सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा, मुलं कित्येक दिवस बालगृहात. पुढच्या वर्षी पोलिसांनी गैरसमज झाला म्हणून केस बंद केली, पण त्या पोरांच्या आईबापांचं तोवर काय झालं असेल. आधीच होस्टेल असेल तर मूल आणायला आई किंवा बाप स्वतः आला पाहिजे, संमतीपत्र फोटोसकट, गावच्या मुखियाचं पत्र, आईबापांच्या आधारची प्रत, आठवड्याला व्हिडिओ कॉल, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात मुलांची यादी तुम्ही होऊन द्या. स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन, सीसीटीव्ही, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, भिंतीवर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर मोठ्या अक्षरात. आणि मारणं बंद म्हणजे बंद, छडी वर्गात दिसली नाही पाहिजे. पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची) तक्रार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, "मस्जिद की इज्जत" वगैरे ऐकून घेऊ नका.

आता पैसे. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय कार्यालयात, दरवर्षी ऑडिट, ट्रस्टी बदलला की चेंज रिपोर्ट, हे सगळं एखादा बरा सीए करून देतो, त्यात फार डोकं घालवू नका. डोकं घालायचं ते जकातीत, म्हणजे गरिबांसाठीच्या सक्तीच्या धार्मिक दानात. जकात आणि इमदाद, लिल्लाह (ऐच्छिक देणगी) यांची खाती वेगळी ठेवा, शक्यतो बँकेतच वेगळी. आपल्याकडचे बहुतेक उलमा सांगतात की जकातीतून बिल्डिंग किंवा मास्तरांचा पगार होत नाही, ती गरिबाच्या मालकीची व्हायला हवी. म्हणजे गरीब पोराची फी, पुस्तकं, गणवेश चालेल, पत्र्याची शेड नाही. तुमच्या मुफ्तींकडून लेखी घ्या आणि फाईलला लावा, रमजानमध्ये देणारे विचारतातच. पावती प्रत्येकाला, दहा रुपयांची असली तरी. देणाऱ्याला इन्कम टॅक्समधली ऐंशी-जी ची सवलत हवी असेल तर रोख दोन हजारांच्या वर चालत नाही, चेक किंवा यूपीआय घ्या. दुबईतल्या भावाने भारतीय पासपोर्टवर, स्वतःच्या कमाईतून, बँकेतून पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, पण त्याच्या अरब शेठने पाठवले तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीचा परवाना, लागतो, आणि तो नसताना एक रुपया घेऊ नका.

फी महिन्याला मागू नका, आठवड्याला मागा. बांधकामावर, कारखान्यात हप्ता शनिवारी नाहीतर रविवारी मिळतो, सोमवारी सकाळी आई पोराला सोडायला येते तेव्हा पदरात शंभर-दीडशे असतात, पुढच्या गुरुवारी नसतात. आमची वसुली या एका बदलाने सुधारली, वर कोणाला फोन करून फी मागायची वेळ कमी आली.

ट्रस्ट आणि शाळा यांच्यात पैशाची भिंत ठेवा. सिडनीत मलिक फहद नावाची इस्लामिक शाळा आहे, १९८९ साली निघालेली, स्थलांतरित कुटुंबांच्या जिवावर वाढत वाढत दोन हजारांच्या वर मुलं झाली. पण शाळेचे पैसे भाडं वगैरे रूपात तिच्या मागच्या संघटनेकडे जातायत असं म्हणून २०१६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने अनुदान थांबवायचं ठरवलं, पुढे बोर्ड बदलून, कोर्टकचेरी करून शाळा वाचली. आपल्याकडे रक्कम लहान पण तऱ्हा तीच, जागा अध्यक्षांची, भाडं अध्यक्षांना, शाळेची गाडी अध्यक्षांच्या जावयाकडे. भाडं असेल तर रजिस्टर्ड करार, बाजारभावाने, आणि ठराव करताना तो ट्रस्टी खोलीबाहेर.

मान्यतेकडे वळा ते पटावर स्थिर पोरं दिसायला लागल्यावर. आधी हद्द बघा, पुणे महापालिका (पीएमसी), पिंपरी-चिंचवड (पीसीएमसी), कॅन्टोन्मेंट की जिल्हा परिषद. उंड्री २०१७ ला पालिकेत आली, पिसोळी २०२१ ला, अजून लोक जुन्या ऑफिसच्या चकरा मारतात. नवी शाळा बहुतेक २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखालीच निघते. आरटीईच्या नियमांप्रमाणे मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, रॅम्प, मैदान, पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, हे आधी मोजून बघा आणि मग जागा शोधा. मुलींच्या संडासाला कडी आहे का ते स्वतः जाऊन बघा, सातवी-आठवीत मुली गळतात त्यात याचा वाटा मोठा आहे. अल्पसंख्याक दर्जाचा दाखला राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून मिळतो, घटनेच्या कलम ३० चा तो हक्क आहे. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा आरटीईतून बाहेर आहेत, पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने तोच मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय. त्यामुळे शिक्षक घेताना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास असलेलेच घ्या, नंतर धावपळ नको.

मदरसाच ठेवायचा असेल आणि सोबत गणित-विज्ञान शिकवायचं असेल तर डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डीएड शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि बीएडचं आठवरून अठरा हजार करायचा निर्णय झाला. पैसे वेळेवर येतील असं धरून मात्र पगार ठरवू नका.

माध्यमावरून भांडणं होतात. आईबापांना इंग्लिश हवं, मौलानांना उर्दू, आणि मराठी कोणालाच नको. मी म्हणते माध्यम कोणतंही ठेवा, बालभारतीची उर्दू पुस्तकं पण चांगली आहेत, पण मराठीला तुमचा सगळ्यात हसरा शिक्षक द्या. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीची आहेच, आणि तसंही पोरगं पुढे आयटीआयला जाईल, ससून हॉस्पिटलला आईला घेऊन जाईल, तिथे मराठीच लागणार. आमच्या बिहारच्या पोरी पीएमपीएमएलच्या बसच्या पाट्या वाचून मराठी शिकल्या, "स्वारगेट", "कात्रज", "हडपसर गाडीतळ", मग वर्गात त्याच पाट्यांची जोडाक्षरं. आयांसाठी दुपारी तासभर वर्ग काढा, सही करायला शिकलेली बाई पोराला शाळेतून सहजासहजी काढू देत नाही.

वर्ग दरवर्षी एकच वाढवा. पाचवीनंतर पुढचा वर्ग नसेल तर मार्चमध्येच जवळच्या शाळांशी बोलून ठेवा, मुलींसाठी आझम कॅम्पसच्या शाळा आहेत, पालिकेच्या आहेत, फक्त रिक्षाचं गणित बसवावं लागतं, चार पोरींत एक रिक्षा. मधेच सुटलेल्या मोठ्या पोरांसाठी दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म किंवा एनआयओएस (मुक्त शाळा), तारखा बोर्डाच्या साईटवर येतात आणि पटकन जातात. हिफ्ज (कुराण तोंडपाठ) करून बाहेर पडणाऱ्या पोरांचे कागद जमवायला एक माणूस जुलैपासूनच बसवा, कारण त्यांच्याकडे आठवीचा कागद नसतो आणि आधारवर १ जानेवारी असते.